ढोरांच्या डॉक्टरांची तपासणी समिती

गेल्या महिन्यात एका कंपनीने मला आपल्या ऑडिट कमिटीवर घेतलं. पहिल्या बैठकीला गेले, तर हॉलच्या बाहेरच जेवणाची टेबलं मांडलेली. कंपनीचे सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "मॅडम, आधी जेवून घेऊ. मग निवांत बसता येईल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवण नंतर. आधी कारखाना दाखवा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला उपास असावा असं वाटून एकाने साबुदाण्याच्या खिचडीची सोय करू का म्हणून विचारलं. मला हसू आवरेना. हे वाक्य माझं नव्हतंच, पण ते त्यांना कसं सांगणार? ते उदगीरच्या एका ढोरांच्या डॉक्टरांचं होतं. हिशेब तपासणं म्हणजे काय हे मी पदवीच्या पुस्तकात वाचलं होतं, पण ते काम अंगात भिनवलं ते म्हशींचे दात आणि बैलांचे खूर बघत जन्म काढलेल्या या माणसाने. त्यांची आठवण आली की आजही मला बसून राहवत नाही. उठून काहीतरी तपासावंसं वाटतं!

मी बिलोली तालुक्यातली. आमच्या घरात शाळेच्या पुढं गेलेली मी पहिली. नांदेडला बी. कॉम. झाले आणि लातूरला मावशीकडं राहून करडई संघात लिपिक म्हणून लागले. करडई पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची ही सहकारी तेलगिरणी होती. सभासदांच्या करडईचं गिरणी तेल गाळी आणि मागे उरलेली पेंड सभासदांच्याच जनावरांना जाई. 

ते दिवसच भारलेले होते. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. गावभर रंगारी शिड्या लावून पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसत होते आणि 'जि. लातूर' लिहीत होते. रंगाऱ्यांना इतकं काम, की एखादा गाठायचा तर सकाळी त्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागे. रोज नवं कार्यालय उघडे, रोज नवा साहेब येई. पाऊस मात्र आला नव्हता. करडईची शेतं उगवलीच नाहीत. बाजारात कडब्याची पेंढी मिळेनाशी झाली आणि माणसं एकमेकांना नमस्कार करण्याऐवजी "चारा हाय का?" असं विचारू लागली.

संघाचे चेअरमन होते नाना. गेटवर बोलले तरी गोदामात ऐकू जाईल असा आवाज. गिरणी त्यांनीच उभी केलेली, सायकलवरून गावोगाव हिंडून, एकेका शेतकऱ्याला सभासद करून. मनाने मोठा माणूस. संघाच्या नियमात लिहिलेलं होतं म्हणून त्यांनी एक तपासणी समितीही नेमली होती. कारभार नीट चालला आहे का ते सभासदांच्या वतीने बघायचं आणि वार्षिक सभेत सांगायचं, हे तिचं काम. पण प्रत्यक्षात ती मानाची जागा होती. समिती वर्षातून एकदा येई, पुरणपोळीचं जेवण जेवी, टॉवेल-टोपी-नारळ घेई, टाईप करून ठेवलेल्या अहवालावर सह्या करी आणि घरी जाई.

त्या वर्षी समितीचं अध्यक्षपद रिकामं झालं आणि नानांनी डॉ. शरणप्पांना बसवलं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर. कपाळावर विभूती, अंगात बाह्या दुमडलेला खाकी सदरा, खाली पांढरं धोतर, आणि सदऱ्याच्या खिशात जनावरांचा थर्मामीटर. सगळे त्यांना डॉक्टर आप्पा म्हणत. मी नानांना विचारलं, हिशेबाचा माणूस सोडून हे कसे? नाना मोकळेपणाने हसले. "अगं, चांगला माणूस हाय. कुणाला तकलीफ देणार न्हाई."

आप्पांची पहिली ओळख झाली ती ठकठक आवाजाने. मी टेबलाशी काम करत होते, तर कुणीतरी माझ्या टेबलावर बोटाच्या पेरांनी वाजवून कान लावून ऐकत होतं. मग खुर्ची वाजवली. मग कपाट. मग तेलाचे डबे. म्हशीचं पोट फुगलं की ते वाजवून बघतात, ती सवय त्यांना जडली होती. आत पोकळी आहे का भरलेलं आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळायला हवं असे.

"तू बीकॉम ना गं अव्वा?" त्यांनी विचारलं. उदगीरकडं कानडीच्या शेजारामुळं लेकीबाळींना लाडानं अव्वा म्हणतात.

"हो आप्पा."

"बीकॉमला काय काय बघता येतंय?"

मी उत्साहाने ताळेबंद, नफा-तोटा, घसारा असं सगळं सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लई चांगलं. ते मला शिकीव. मी तुला वास घ्यायचं शिकवतो."

समितीत आणखी दोघं होते. निवृत्त मुख्याध्यापक गुरुजी, वाक्य पुरं केल्याशिवाय श्वास न घेणारे. आणि औशाकडच्या काशीबाई, नवऱ्यामागे एकटीने शेती करणाऱ्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला बोलू न देणाऱ्या. पहिल्या बैठकीला तिघांना बसायला जागाच नव्हती. संचालकांना हॉल होता, समितीला नव्हता. चेअरमनच्या खोलीत कोपऱ्यात तीन खुर्च्या टाकल्या होत्या. आप्पा बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "आधी एक सांगा. आपण कोण?"

गुरुजी म्हणाले, "नियमावलीच्या दृष्टीने विचार केला, तर आपण संचालकांना गरजेप्रमाणे सल्ला देणारं एक सल्लागार मंडळ आहोत."

काशीबाई म्हणाल्या, "आपण सही हाव. दुसरं काय?"

आप्पा म्हणाले, "मी जन्मभर एक काम केलं. फी मालक देतो, पण पेशंट जनावर असतंय. मालकाला काय ऐकायचंय ते न्हाई सांगायचं, जनावराला काय झालंय ते सांगायचं. इथं आपल्याला नानानं नेमलंय. पण आपला पेशंट नाना न्हाई. आपला पेशंट सभासद."

शेजारच्या टेबलाशी बसून नाना ऐकत होते. ते मोठ्याने हसले. "आप्पा, मला तरी तपासा, शुगर हाय का बघा."

"ढोराची तपासता येती नाना, तुमची न्हाई," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आवारातली जुन्या वजनकाट्याची खोली झाडून घेतली, आणि कुठल्याशा कार्यालयाची पाटी रंगवायला निघालेल्या रंगाऱ्याला सायकलसकट धरून आणलं. तो कुरकुरत होता, "साहेब, कचेरीची पाटी हाय, उशीर झाला तर..." आप्पांनी त्याला बाजूने जाऊन खांद्यावर थोपटलं. "दोन शब्दांचं काम हाय बाबा." दारावर 'तपासणी समिती' अशी निळी अक्षरं उमटली, तेव्हा आम्ही चौघं रस्त्याच्या पलीकडं जाऊन ती बघत उभे राहिलो. काशीबाई म्हणाल्या, "आता आपल्याला दार हाय." मला इतका आनंद झाला, की मी मावशीला मुद्दाम ती पाटी दाखवायला घेऊन आले.

बाजूने जाणं ही त्यांची दुसरी खोड. जनावराला समोरून गेलं की ते बिचकतं, मागून गेलं की लाथ मारतं, म्हणून डाव्या अंगाने, हळू, आवाज करत जायचं. कार्यालयातही ते कुणाच्या टेबलासमोर उभे राहत नसत. बाजूने येऊन शेजारी उकिडवे बसत आणि त्याच्या पोराबाळांची चौकशी करत. मग त्या माणसाला आपोआप सांगावंसं वाटे. गुरुजी प्रश्नावली काढून बसत आणि त्यांना "सगळं ठीक आहे" याखेरीज काही ऐकायला मिळत नसे. जनावरांशी आप्पा कानडीत बोलत, माणसांशी मराठीत. फक्त माणूस फार चिडला किंवा फार रडायला लागला, की त्यांच्याही नकळत कानडी येई. "निल्लु, निल्लु," थांब, थांब, म्हणत ते त्याची पाठ थोपटत.

मग समितीच्या वार्षिक पाहणीचा दिवस आला. पुरणाचा वास गेटपर्यंत. पाट मांडलेले, टॉवेल-टोप्या ताटात. नाना स्वतः दारात. "या आप्पा, आधी चहा, मग जेवण, मग काय बघायचं ते बघा."

"चहा नंतर," आप्पा म्हणाले. "आधी गोठा."

नानांचा चेहरा उतरला. आमच्याकडं दारात आलेल्याने चहा नाकारला, तर घरातल्या बाईचा अपमान होतो. आप्पांनी ते ओळखलं आणि नानांचा हात धरून त्यांना गोष्ट सांगितली. आप्पा तरुणपणी देगलूरकडं नोकरीला होते. एका मोठ्या घरी म्हैस बघायला बोलावलं होतं. घरच्यांनी हात धरून आधी पाटावर बसवलं. नको म्हणवेना. "तिसरी पोळी खात होतो तवा म्हैस गेली. मालक भला माणूस. म्हणला, डॉक्टरसाहेब, गेली ती गेली, आता चौथी तरी घ्या." आप्पांनी नानांचा हात दाबला. "नाना, चहा मी घेणार. दोन कप घेणार. पण नंतर."

त्या दिवशी समितीने पहिल्यांदा गोदाम बघितलं. आप्पा पोत्यांच्या थप्प्या वाजवत, वास घेत पुढं, मागे काशीबाई पदर खोचून, त्यांच्यामागे गुरुजी नाकाला रुमाल लावून. एका थप्पीपाशी आप्पा थांबले. वाजवलं, कान लावला, पुन्हा वाजवलं. "इथं पोट पोकळ हाय." वरची पोती काढली, तर खाली घुशींनी बोगदा केला होता आणि कितीतरी पेंड खाऊन मातीत कालवली होती. एक घूस काशीबाईंच्या पायांवरून धावली, आणि गुरुजी वाक्य अर्धं टाकून पोत्यांवर चढले! नाना धावत आले, बघितलं, आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "आरं, मी रोज ह्याच दारावरून जातो की!"

मग सगळे धुळीने माखलेले थंड झालेल्या पुरणपोळ्या खायला बसले. आप्पांनी दोन कप चहा घेतला. तितकं चवदार जेवण मी त्या संघात पुन्हा जेवले नाही.

पण खरी परीक्षा पुढं होती. करडई आलीच नव्हती, यंत्रं बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा नानांनी तेलंगणातल्या एका व्यापाऱ्याची एरंडी भाड्याने गाळून दिली. कामगारांचा पगार निघाला. मग कुठूनशी करडई मिळाली, तिचं गाळप सुरू झालं, आणि पेंड घ्यायला बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. त्याच सुमारास एक मोठी बातमी आली. नव्या जिल्ह्याचा जिल्हा संघ म्हणून आमच्याच गिरणीला मान्यता मिळणार. वार्षिक सभेला मोठे पाहुणे येऊन तिथंच ते जाहीर करणार. फक्त तपासणी समितीचा अहवाल स्वच्छ हवा. नाना मांडवाच्या बांबूंवरूनसुद्धा मायेने हात फिरवत होते.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी काशीबाई आल्या त्या ओरडतच. "आप्पा, माझी बैलं बसलीत. उठून न्हाई राहिली. पातळ हागलालीत, त्यात रगत हाय."

आप्पांनी मलाही बरोबर घेतलं. एसटीने औशाला, तिथून चालत. गोठ्यात दोन्ही बैल मान टाकून पडलेले. काशीबाईंचा मुलगा चहा घेऊन आला, आप्पांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. शेण बघितलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या, आणि मग गव्हाणीतला पेंडीचा तुकडा उचलून वास घेतला. पेलाभर पाणी मागितलं. तुकडा पाण्यात कुस्करला. करडईची पांढरी टरफलं वर तरंगली. त्यांच्यात काळसर, चमकदार, ठिपक्याठिपक्यांचे बारीक कण होते.

"एरंडी," ते म्हणाले. एरंडीची पेंड शेताला खत म्हणून उत्तम, पण जनावराच्या पोटात विष.

त्यांनी काशीबाईंना औषध दिलं, बैलांना कसं पाजायचं ते दाखवलं, आणि आम्ही तसेच परत फिरलो. दुपारी संघात पोचलो. आप्पा थेट यंत्रघरात गेले आणि गफूर मिस्त्रींच्या शेजारी उकिडवे बसले. गफूर मिस्त्री गिरणीच्या पहिल्या दिवसापासूनचे.

"एरंडीनंतर मशीन धुतली का मिस्त्री?"

"धुतली साहेब. घासून धुतली."

"आन् पयली पोती?"

मिस्त्री फडक्याने यंत्र पुसत राहिले. बी बदललं की यंत्र कितीही धुतलं तरी सांदीत आधीचं राहतं. म्हणून नव्या गाळपाची पहिली पोती उकिरड्यावर टाकायची, हा तेलगिरणीचा रिवाज. आप्पा त्यांची पाठ थोपटत राहिले. शेवटी मिस्त्री म्हणाले, "नानाला बोल्लो मी, फेकावी लागतील. नाना बोल्ले, बाहेर जनावरं हंबरून राहिलीत, अन् तू पेंड उकिरड्यावर टाकतो? ह्या दुष्काळात?" त्यांनी मान फिरवली. "खरं सांगू साहेब? मला बी फेकवेना."

मला रडू आलं. कुणीच चोर नव्हतं. दोन भल्या माणसांना दुष्काळात पेंड फेकवली नाही, एवढंच झालं होतं.

नानांनी ऐकलं. लगेच पेंडीची विक्री बंद करायचा हुकूम दिला. पण ती पहिली पोती करडईच्या चांगल्या पोत्यांत अशी मिसळली होती, की कुठली कुठल्या गावाला गेली हे मिस्त्रींनाही सांगता येईना. वजनकाट्याच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. गुरुजी, मी, आप्पा, आणि पहिल्यांदाच त्या दारातून आत आलेले नाना.

"आप्पा, तुम्ही डॉक्टर," नाना म्हणाले. "जीप घ्या, औषधं घ्या, सगळा खर्च संघाचा. गावोगाव जा. पण उद्या सभेत शब्द नको. पाहुणे गेले की परवा मी स्वतः सांगतो. जिल्हा संघ हातातून गेला तर परत न्हाई येणार."

गुरुजी चाचरले. "तसं पाहिलं, तर आपली समिती सल्ला देण्यापुरती आहे, आणि सल्ला खासगीतही देता येतो..."

"गुरुजी, जीप एक हाय. गावं किती?" आप्पा म्हणाले. "मी एका गावात औषध पाजीस्तोवर दहा गावांत आज रात्री पेंड घालतील. सगळ्या गावांची माणसं एका ठिकाणी कधी येणार? उद्या. सभेला."

"मी तुम्हाला इथं बसवलं, आप्पा," नाना म्हणाले. रागाने नाही, अगदी खालच्या आवाजात. ते मला जास्त लागलं.

"हाव. म्हणून तर तुमच्याशी आधी बोललालो. डॉक्टर म्हणून मी कुठंबी येतो, नाना. पण समिती म्हणून ज्यांची गिरणी हाय त्यांना सांगावं लागंल. ते न्हाई केलं, तर ती पाटी पुसून टाकू."

त्या संध्याकाळी आप्पा जीपने जवळच्या गावांना गेलेच. गफूर मिस्त्री न बोलावता त्यांच्याबरोबर गेले.

सभेला मांडव भरून वाहत होता. कुठकुठल्या गावची माणसं फेटे बांधून आली होती. एकीकडं आचाऱ्यांनी पंगतीची पानं मांडून बुंदी वाढायला घेतली होती, आणि दुष्काळात बुंदी बघून पोरं तिथून हलत नव्हती. पाहुण्यांचे हार झाले. नानांनी नव्या जिल्ह्याचं असं काही वर्णन केलं, की माझ्याही अंगावर काटा आला. मग समितीचं नाव पुकारलं गेलं.

आप्पा काचेच्या पेल्यात पाणी घेऊन व्यासपीठावर चढले. बरोबर काशीबाई, आणि सगळ्यात मागे गुरुजी. आप्पांनी खिशातून पेंडीचा तुकडा काढला आणि पेल्यात कुस्करला.

"समितीचा अहवाल सांगतो," ते म्हणाले. "आपल्या गिरणीच्या पेंडीत काही पोत्यांत एरंडी मिसळलीय. कुणी पैसे खायला केलं न्हाई. दुष्काळात फेकवली न्हाई म्हणून झालं. पण जनावराला त्याचं काय? घरी जाऊन असं पाण्यात टाका. नुसतं पांढरं वर आलं, तर घाला. काळं ठिपक्याचं दिसलं, तर गव्हाण झाडून काढा. ती पेंड शेतात टाका."

मांडवात एकदम गलका उठला. नानांनी धडपडत माईक ओढला आणि त्यांना रडूच फुटलं. आप्पांनी बाजूने जाऊन त्यांची पाठ थोपटली. "निल्लु, नाना. निल्लु."

पुढं गुरुजी आले. आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा लहान वाक्य उच्चारलं. "हे खरं आहे. तिघांचं मत आहे."

काशीबाई ओरडल्या, "बघत काय बसलाव? दुपारची पेंड घालतील की घरी! पळा!"

आणि सभा पळाली! खरंच पळाली. फेटे सावरत, चपला हातात घेत, गाड्या जुंपत, एसटी गाठायला, सायकलवर, चालत. कुणी कुणाच्या पाव्हण्याला निरोप देत होतं, कुणी दुसऱ्या गावच्या माणसाला ओरडून सांगत होतं. काही वेळात मांडव रिकामा झाला. वाढलेली पानं तशीच, बुंदी तशीच. त्या वर्षी महिनोन्महिने गोड न खाल्लेली माणसं गोडाधोडाचं पान टाकून आधी गोठ्याकडं गेली होती.

पाहुणेही उठून गेले. मांडवात नाना आणि आप्पा उरले. नाना त्या पानांकडं बघत होते. म्हणाले, "आता तरी चहा घ्या, आप्पा."

"अजून गोठे राहिलेत," आप्पा म्हणाले. "जीपमध्ये जागा हाय. येता?"

नाना गेले. तीन-चार दिवस दोघं एकाच जीपमधून हिंडत होते. पुढं लोक सांगत, नाना बैलाचं तोंड धरत आणि आप्पा नळीने औषध पाजत. पुष्कळ जनावरं वाचली, काही वाचली नाहीत. काशीबाईंचा एक बैल उठला, दुसरा उठला नाही. जिल्हा संघाचा मान दुसरीकडं गेला. नानांनी त्याबद्दल आप्पांना कधी बोल लावला नाही, पण त्या निळ्या अक्षरांच्या पाटीसमोरून जाताना ते मान खाली घालून जात.

पुढच्या वर्षीच्या सभेत काशीबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तपासायची समिती आम्ही नेमणार. नानानं नेमायची न्हाई." सगळे नानांकडं बघू लागले. नानांनीच पहिला हात वर केला. लोकांनी एका आवाजात आप्पांचं नाव घेतलं, तर आप्पा नको म्हणाले.

"एका गोठ्यात लई दिवस राहिलं की वास येईनासा होतोय," ते म्हणाले. "नवं नाक बघा."

पुढं मी परीक्षा दिल्या, नोकऱ्या बदलल्या, दुसऱ्यांच्या संस्था तपासायला हिंडू लागले. कंपन्यांच्या बैठकांत 'स्वतंत्र संचालक', 'निःपक्षपातीपणा' असे शब्द ऐकले की मला तो पाण्याचा पेला दिसतो. एकदा देगलूरच्या एका बँकेच्या तपासणीला निघाले होते. वाटेत उदगीरला उतरले आणि आप्पांच्या घरी गेले. ते थकले होते, पण मला बघताच उठून खुर्ची वाजवून बघितली आणि मग मला बसायला दिली. सुनेने चहा आणला. मी कप उचलला, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कुठं चाललीस?"

"देगलूरला. तपासणी आहे."

"झाली?"

"नाही आप्पा, उद्या."

"चहा आत ने गं," ते सुनेला म्हणाले. "हिचा चहा नंतर."

"आप्पा, हा चहा तुमच्या घरचा आहे, बँकेचा नाही!"

"सवय घरातूनच लागती, अव्वा." सून हसत हसत कप घेऊन आत गेली.

तपासणी संपवून दोन दिवसांनी मी परतीच्या गाडीत बसले. उतरायला वेळ नव्हता. उदगीरच्या थांब्यावर गाडी थांबली, तर खिडकीखाली ठकठक झाली. बसचा पत्रा कुणीतरी बोटाच्या पेरांनी वाजवत होतं. आप्पा! एका हातात किटली, दुसऱ्यात स्टीलचा पेला. देगलूरची कुठली गाडी कधी येते ते विचारून उभे राहिले होते. किती गाड्या आधी येऊन गेल्या असतील, कुणास ठाऊक.

"गोठा बघितला?"

"बघितला, आप्पा. आत जाऊन बघितला."

"वाजवून?"

"वाजवून."

"मग घे." त्यांनी पेला भरून वर दिला. कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली. मी घाईघाईने पेला परत द्यायला हात बाहेर काढला, तर ते हाताने 'राहू दे, राहू दे' करत मागे सरकले. चहा गरम होता, वेलदोड्याचा. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत राहिले. मला वाटलं, ते हात हलवत असतील. पण थांब्यावर एक बैलगाडी उभी होती. आप्पा किटली जमिनीवर ठेवून डाव्या अंगाने बैलाजवळ गेले होते आणि त्याचं तोंड उघडून आत बघत होते. गाडीवान तोंडाचा आ करून त्यांच्याकडं बघत होता.